चिलखत

थाओयुआनच्या कारखान्यात, चौथ्या लाइनवर
अकरा वर्षं मी कपॅसिटर बसवले.
पट्टीची बाजू ऋण, लांब पाय धन.
एका मदरबोर्डाला सदतीस,
आणि पट्टा कुणासाठी थांबत नसे.
शेजारी सू-च्यू. उलटा बसलेला कपॅसिटर
तिला न बघताच कळायचा,
भातातला खडा दाताला कळावा तसा.

मग कारखाना समुद्रापलीकडे गेला.
सू-च्यू मुलीकडे ताइनानला गेली.
मी इथे, तैपेईत, बाजाराच्या चौथ्या मजल्यावर,
दीड मीटर रुंदीच्या दुकानात.
तेव्हा जे बसवायचे ते आता विकते.

थिंग-आन येतो. एकोणीस वर्षांचा.
उन्हाळाभर स्कूटरवरून लोकांना जेवणाचे डबे पोचवले,
कोपरापर्यंत रापलाय.
काचेतल्या बोर्डाकडे बोट करतो : केवढ्याला?
अठरा हजार नऊशे.
मागच्या वर्षी बारा होता.
मागच्या वर्षी मीसुद्धा बासष्टची होते, मी म्हणते.
रॅमचं तर नावच काढू नकोस.

डब्यावर ड्रॅगन. ड्रॅगनखाली : लष्करी दर्जा.
कोणतं लष्कर, ते लिहिलेलं नाही.
त्याला सप्टेंबरात सक्तीच्या भरतीला जायचंय,
हसतो, म्हणतो, आल्यावर सांगतो तुम्हाला.

मी विकते, पण खोटं बोलत नाही,
म्हणून तर दुकान दीड मीटरचं.
बघ बाबा, एसएसडीला चार जागा आहेत.
तिसरी भरलीस की साटाचे दोन पोर्ट मुके.
चौथी भरलीस की ग्राफिक्स कार्डाची निम्मी वाट बंद.
पुस्तिकेत लिहिलंय की, पान सत्तेचाळीस,
तळाला, मुंगीएवढ्या करड्या अक्षरांत.
घर चार खोल्यांचं,
पण इथला दिवा लावला की तिथला जातो.

बिघाडाचा आकडा दाखवणारी ती बोटभर पाटी हवी असेल
तर वरचा बोर्ड घे, आणखी सहा हजार.
आजार सगळ्यांना,
निदान पैसेवाल्यांना.

आणि पहिल्यांदा चालू केलास की
बोर्ड स्वतःच विचारणार : आमचं ॲप घेता का?
नको म्हण. उद्या परत विचारेल.
माझा धाकटा दीर विमा विकतो, अगदी तसाच.

या चिलखताखाली काय आहे? तो विचारतो.
नमुन्याचा बोर्ड होता,
मी पेचकस घेतला. पाच स्क्रू.
केवढं जड ते झाकण, काळं, कोरीव,
खाली दिव्यांची एक पट्टी,
तांदळाच्या कणीएवढे दोन भाग,
आणि एक रिकामी जागा.
गोल आखलेली. दोन भोकं, कथलाने बुजलेली.
काहीतरी बसणार होतं तिथे,
मग कुणाच्या तरी हिशेबात ते खोडलं गेलं.

नावात सोनं, हातात कथील.
कथलाचं मला सांगू नका कुणी,
अकरा वर्षं त्याचाच धूर छातीत घेतलाय.

माझं बोट आपोआप तिथे गेलं.
लांब पाय धन.
थिंग-आन बघत राहिला,
मला वाटतं, त्याला वाटलं मी धूळ पुसतेय.

शेवटी त्याने तोच घेतला.
नोटा दोनदा मोजल्या, एकदा त्याने, एकदा मी.
तीनशे सोडले, त्यात माझा नफा गेला.
जिन्यापाशी जाऊन परत आला :
आजी, हे दिवे बंद करता येतात ना?
खोलीत भाऊ झोपतो माझा.

येतात, मी म्हटलं.
पण त्याला ते ॲप लागतं.