काचेवरचा ळ

ग्रिम्सबीच्या वाचनालयात कवितेचा शनिवार.
दारात पाटी: कुणीही यावं, काहीही वाचावं, चहा फुकट.
मी चहासाठी गेले, हे आधीच सांगून टाकते.
सकाळपासून चौदा जणांचे डोळे तपासले होते.
‘आधीचं बरं दिसतं की आताचं?’
आणि चौदाही जण, बहुतेक मला बरं वाटावं म्हणून,
‘आताचं’ म्हणाले होते.

आत, आयकराच्या पुस्तकांना पाठ लावून
क्लिफर्ड वाचत होता. मासेमारीच्या बोटीवर तीस वर्षं,
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, माझाच पेशंट.
कागद हातभर लांब धरून वाचत होता
भावाच्या रबरी बुटांबद्दल,
जे आईनं मागच्या दाराशी अकरा वर्षं ठेवले
आणि दर रविवारी पुसले.
यमकं ओढूनताणून आणलेली.
कुणी हललं नाही.
हीटर तेवढा टकटक करत राहिला.

मग यागोडा नावाच्या मुलीनं बदकावर चार ओळी म्हटल्या,
पाचवी विसरली,
टाळ्या त्या पाचवीलाच जास्त पडल्या.

ग्रंथपाल ग्लेनिस पांढरा मार्कर घेऊन फिरत होती.
रस्त्याकडची मोठी काच निम्मी भरली होती ओळींनी.
‘तुमच्या भाषेतलं लिहा ना काहीतरी.’
मी म्हटलं, मला कविता येत नाही.
‘इथं कुणाला येते?’ म्हणाली, आणि मार्कर हातात दिला.

काचेपलीकडे पैजांचं दुकान, बसथांबा,
एक सीगल कुणाच्या तरी चिप्सवर नजर ठेवून.
डोक्यात ओळ एकही नाही.
शाळेतलं पाठांतर उधारी असल्यासारखं
तोंड लपवून बसलेलं.
आठवला तो मिरजेचा छापखाना.
बाबांची काळी बोटं
खिळ्यांच्या खणांवरून न बघता फिरायची.
ते उलटं वाचत, सुलट्यापेक्षा भरभर.

लग्नसराईत ळ संपायचे.
कांबळे, धुमाळ, पिसाळ, सगळ्यांचे मुहूर्त एकाच आठवड्यात,
त्यात प्रत्येक पत्रिकेला स्थळ हवं, वेळ हवी,
आणि खाली समस्त मंडळी.
बाबा छापून झालेल्या पत्रिकेतले ळ उपटून
पुढच्या पत्रिकेत बसवत.
एकेका खिळ्यावर तीन-तीन घरांचे संसार उभे राहिले,
त्यातला एक मोडला, पण तो ळ-चा दोष नव्हे.
रात्री जेवताना म्हणायचे,
‘जवळ म्हण. आता ळ काढून म्हण.
बघ, काय उरतं?’

मी एकच अक्षर लिहिलं. हातभर मोठं.
‘हे म्हणायचं कसं?’
जीभ मागे वळवा, टाळूला टेकवा, सोडून द्या.
आठ जणांनी प्रयत्न केला.
क्लिफर्डची कवळी निसटता निसटता राहिली.
यागोडा म्हणाली, ‘हा तर चष्मा आहे.’
मी वीस वर्षं चष्मे विकते,
मला हे कधी दिसलं नव्हतं.

बाहेर जाऊन पाहिलं, तेव्हा चूक कळली.
आम्ही सगळ्यांनी आतून लिहिलं होतं,
रस्त्यावरून सगळं उलटं.
थांब्यावरची माणसं माना वाकड्या करून बघत होती.
बाबा असते तर बस येईपर्यंत
अख्खी काच वाचून झाली असती त्यांची,
भाषा कळो न कळो,
आणि म्हणाले असते,
तिसऱ्या ओळीत एक खिळा पालथा पडलाय.

ळ मात्र उलटूनही
जवळजवळ ळ-च होता.

परत आले तर चहा गार.
क्लिफर्डनं शेवटची ओळ बदलली होती,
बूट आता समुद्राकडे तोंड करून ठेवले होते.
कागद माझ्यापुढे धरला.
‘आधीचं बरं की आताचं?’

आधीचं, मी म्हटलं.
तो जरा वेळ बघत राहिला,
मग पेन मागितलं.