पाणी मागे वळतं तिथे

शिदू आंबी, वय एकसष्ट, मुक्काम हरिपूर.
नाव चालवतो. घाट चढताना धाप लागते,
आणि रात्री उशीला कान टेकला
की छातीत वल्हं आपटतं, म्हणाला.

मिरजेच्या ओपीडीत केसपेपरच्या पाठीवर काढून दाखवलं:
ही महाधमनी, हे तिचं मूळ, ह्या तीन पाकळ्या.
पाकळ्या शाबूत आहेत, मामा.
चौकट सैल झालीये,
म्हणून दार मिटत नाही.
धातूची झडप बसवली तर जन्मभर रक्त पातळ करायची गोळी,
आणि तुमचे हात तर रोज दोराने सोलतात.
तो कागद आडवा धरून बघत राहिला.
"आन् हे तीन फुगे कशाला?"

शिकताना मीही विचारलं होतं.
सर म्हणाले, पाठ कर.
पुस्तकात तिथे एक कडं असायचं,
बांगडीसारखं गोल, सपाट.
प्रत्यक्षात उघडून पाहिलं तर कडं नव्हतंच.
एक रेघ होती, तोरणासारखी झोके घेत,
वर, खाली, पुन्हा वर.
जे नाहीच त्याचं माप घेऊन
आम्ही टाके घालत होतो.

एकदा सरळ नळी बसवली मी. बिनफुग्याची.
शिवण सुरेख, थेंब गळत नव्हता.
पण पाकळ्या उघडताना भिंतीवर आपटायच्या,
वाऱ्यात सोडलेल्या खिडकीसारख्या.
कुपवाडच्या पद्मावती मगदूम.
नाव विसरलेले नाही.

हे शिदूला नाही सांगितलं.
एवढंच म्हणाले: रक्त जोरात पुढे जातं,
थोडं ह्या फुग्यांत शिरून गरकन फिरतं,
तो भोवरा पाकळीला मागून हलके लोटतो.
धार ओसरायच्या आतच ती निम्मी मिटलेली असते.

"म्हंजे संगमाखालचा वळसा," तो म्हणाला.
"वारणा येऊन धडकली की काठाला पाणी उलटं फिरतंय.
नवखा तिथं घाबरतोय.
आमी वल्हं उचलतो.
नाव आपली आपण लागती घाटाला."

सहा तास.
हृदय गार, थांबलेलं.
पंपावर डिग्रजचा अल्ताफ मिनिटं पुकारतोय.
फुगलेली भिंत काढली, तोरण राखलं,
हृदयालाच पाजणाऱ्या दोन धमन्यांची तोंडं
शर्टाच्या गुंड्यांसारखी अलग ठेवली,
आणि विणतानाच फुगवटे घातलेल्या नळीत
तोरण पुन्हा टांगलं.
एका टोकाची उंची चुकली. उसवलं.
पुन्हा चुकली.
शेवटी नळीत पाणी ओतलं.
थिएटरमध्ये कुणी हललं नाही.
पाणी उभं राहिलं.
अल्ताफ पुढचं मिनिट पुकारायचं विसरला.

दिवाळीनंतर एको करायला आला,
पिशवीभर वांगी घेऊन.
पडद्यावर त्याने स्वतःचं रक्त वळताना पाहिलं,
बराच वेळ.
मग विचारलं, "दोन फुग्यांतनं धमन्या निघत्यात.
तिसऱ्यातनं काय?"
काही नाही, म्हटलं.
नुसतं पाणी फिरायला.
"असत्यात तशा जागा," म्हणाला,
आणि शर्टाच्या गुंड्या लावू लागला,
खालून वर.