उतरली

पोलवर चढाच्या आधी फोन करा लागते.
सबस्टेशनात ढोबळेभाऊ वहीत लिहिते :
अकरा केव्ही, दहेगाव फीडर, बंद, वेळ.
मंग मी चढतो.
काम झालं का पुन्हा फोन :
"उतरलो. द्या लाईन."

नऊ वर्षं ह्या एका शब्दावर
माहा जीव त्याच्यापाशी ठेवला.

आमच्याइकडं बायाबी "येतो", "जातो"च म्हणते,
म्हणून चालू गोष्टीत मी लपून राहू शकली.
अडके ते होऊन गेलेल्या गोष्टीत :
गेलो, जेवलो, उतरलो.
भातात खडा.

यवतमाळच्या सहा चकरा झाल्या.
कलेक्टर हापिसाचं ओळखपत्र आलं.
साहेबानं मस्टरवर लिहिलं, मान वर न करता :
शेवंता मंगाम, लाईनमन.
लाईनमन तसंच राह्यलं, त्याले दुसरा शब्द सापडला नाई.
शिडी धरनारा गनपत
दोन दिवस वर पाहेच ना.
बेल्ट तोच. फक्त छातीवर एक भोक ढिला.

मे महिना, दुपारचे दोन,
हातमोज्यात पानी झालेलं.
जम्पर बांधला, खाली आली, फोन लावला.
"शेवंता बोलतो. उतरली. द्या लाईन."

तिकडं नुसती ट्रान्सफार्मरची घुंई.
"कोन उतरली?"
"मी."
"अन् तो?
तो वरच हाय का?"

त्याले ठाऊक नव्हतं असं नाई.
मस्टर त्यानं पाह्यली होती.
पन लाईन द्याची म्हनजे
कागदावर भागत नाई.
"वर कोनी नाई, भाऊ.
एकटीच चढली होती."

नाईच देल्ली लाईन.
पोराले खुर्चीत बसवून
चौदा किलोमीटर गाडी हानत आला,
डोक्याले ओला दुपट्टा.
पोलाखाली उभा राहून वर पाहे.
तार, चिमनी माती, एक पतंगाची शेपटी,
बाकी आभाळ.
किती वेळ पाहे.

मंग माह्याकडं.
मोजे पाह्यले, बेल्टचं भोक पाह्यलं,
पायातले बूट, ते त्याच्या ओळखीचे.

फोन काढला, पाठमोरा झाला :
"दे रे लाईन. उतरली ते."

दहेगावात कुठंतरी पीठगिरनी सुरू झाली.

गाडीले किक मारता मारता म्हने,
"नाव आधी सांगत जाय पुढच्या खेपेस.
फुकटचं पेट्रोल गेलं माहं."