टाकलेलं

सोजरबाई, माझ्या आये,
बावीस वर्षं तू औंधातल्या सात सोसायट्यांचा कचरा वेचलास
आणि तोंड न बघता माणसं ओळखलीस.
तिसऱ्या मजल्यावर साखर आहे, म्हणायचीस,
सुया लोणच्याच्या बरणीत भरून टाकतात.
बी विंगेतला नवरा राहत नाही आताशा,
दाढीचं पातं येईना.
कुठे बाळ आलं, कुठला म्हातारा गेला,
वॉचमनच्या आधी तुला ठाऊक.
बोलताना लोक विचार करतात,
टाकताना करत नाहीत.

मी पाषाणला, चौथ्या मजल्यावर,
रात्रपाळीला मशीनपाशी बसते.
रक्तातल्या पेशी आधी खाली बसवायच्या,
मग मोडतोड,
मग उरलेलं पिवळं पाणी गरगर फिरवायचं
चार डिग्रीवर, सत्तर मिनिटं,
वजन लाखपट होईल इतक्या वेगानं.
समोरासमोरच्या नळ्या मिलिग्रॅमपर्यंत जुळायला हव्यात.
(भंगारवाल्याचा काटा नव्हे हा.
इथे दांडी मारली तर मशीनच उडेल.)
नळीवर बाहेरून मार्करनं खूण करते,
गाळ इथे बसेल म्हणून.
बसला तरी दिसत नाही.
खुणेवर भरवसा ठेवून
बाकीचं ओतून द्यायचं.

एक्सोसोम.
कुठल्या देवाचं नाव गं, विचारलं होतंस.
केस हजारदा उभा चिरला
तर एका चिरीच्या जाडीचं,
पेशीनं दाराबाहेर ठेवलेलं बोचकं.
कितीतरी वर्षं शिकलेली माणसंही म्हणत होती, कचराच.
मग कुणीतरी गाठ सोडून पाहिली.
आत चिठोरे, प्रथिनांचे तुकडे,
आणि पिशवीवरच
ज्या घरातून आली त्या घराची खूण.
स्वादुपिंडात काही वाढत असेल,
स्कॅनवर अजून सावलीही नसेल,
तेव्हापासून ते टाकत असतं,
असं आम्हाला वाटतं.
नक्की नाही. अजून नळ्या मोजतोय.

मागच्या महिन्यात रंग लावलेली बोचकी
उंदराच्या शेपटीतून आत सोडली.
काळोख्या पेटीत यकृत भगभगलं,
आणि थोडं, अगदी थोडं,
जिथे गाठ होती तिथे.
मला तुमच्या संघटनेचा तो लाल ठिपका आठवला,
कागदात गुंडाळून वर काढायला बायांना शिकवलेला,
वेचणाऱ्या हाताला आधी कळावं म्हणून.

निरोगी बायका कमी पडत होत्या,
पंचावन्नच्या पुढच्या.
तुला रिक्षानं आणलं.
सही करायच्या आधी वाचून दाखव म्हणालीस.
तिसऱ्या पानावर थांबवलंस मला,
'तपासणीचा निष्कर्ष वैयक्तिकरीत्या कळवला जाणार नाही.'
म्हंजी कळलं तरी सांगणार न्हाईस?
कळतंच असं नाही अजून, मी म्हटलं. वाचायला शिकतोय.
तू बाही वर केलीस.
मी तरी कुठं सांगितलं कुणाला, म्हणालीस.
तिसऱ्या मजल्यावरची बाई दोन साल रोज पट्टी टाकायची,
रगताची. पोरांपासनं लपवून.
मला दिसायची जिन्यात. मी म्हनायचे, बऱ्या हाव?
ती म्हनायची, बरी हाय.

पुढे काय झालं तिचं, मी विचारलं नाही.
सुई शिरत होती.

आज बारा नळ्या आहेत.
नावं नाहीत, आकडे.
यातली एक तुझी असेल किंवा तू उद्याच्या खेपेत असशील.
मी बाराही नळ्यांवर
एकाच उंचीवर खूण केलीय.
झाकण लावलं. आवाज चढत चढत
ऐकू येईनासा झाला.

पाच वाजले. या वेळी तू कोट चढवायचीस.
डबा उघडला आणि तसाच उलटा केला,
दोन चपात्या, भेंडी, ओल्यात.
फॉइल सुक्यात.
सातला एक बाई येते, नाव मला माहीत नाही.
तिला कळेल
चौथ्या मजल्यावर कुणीतरी
रात्रभर जेवलं नाही.