वळसा

पर्थ ते टोरांटो थेट विमान नाही.
असतं, तर वीस तास.
अठरा हजार एकशे तीस किलोमीटर भागिले नऊशे,
वरची मिनिटं मी सोडून दिली.

हिशेबाची सवय आहे मला.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं पासपोर्ट मोजले,
कोरे, कुणाचंच नाव नसलेले,
अंगठ्याला रबरी टोपी घालून.
सुटताना गेटवर झडती,
मग बिटको चौकातून मेथीची जुडी घेऊन घर.
माझा स्वतःचा निघाला निवृत्तीनंतर.
त्यावर अजून एकही शिक्का नाही.

हेरंब पर्थला, मृण्मयी टोरांटोला.
तीन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.
मी सांगत राहते न विचारलेलं:
त्याच्या धाकटीचे दात पडले,
हिने घर बदललं.
पलीकडून नुसतं "हं" येतं.

स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ लावलंय,
आपल्यापेक्षा अडीच तास पुढे.
उन्हाळ्यात ते दोघांनाही पुरतं:
त्याचे सकाळचे साडेसात, तिचे संध्याकाळचे,
काटे अगदी त्याच जागी.
हिवाळ्यात तिकडे घड्याळं मागे घेतात,
तेव्हा तिचा एक तास मी बोटावर धरते.

परवा माळ्यावरून हेरंबचा पाचवीतला पृथ्वीचा गोल काढला,
आणि संक्रांतीच्या आसारीवरचा जुना दोरा.
एक टोक पर्थवर, दुसरं टोरांटोवर.
ताणला तर दोरा पॅसिफिकवरून गेला,
निळ्यातून निळ्यात, वाटेत कुणी नाही.
मग तो इकडून ओढून पाहिला, नाशिकवरून.
गोलावर नाशिक नाही,
मुंबईच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याएवढं उजवीकडे
मीच नख टेकवलं.
दोरा पेरभर जास्त लागला.
सोळाशे किलोमीटर. पावणेदोन तास.
इथून कसारा उतरून ठाण्याला जायला
याहून जास्त लागतात.

हे गेले तेव्हा मृण्मयी आकाशात होती.
फ्रँकफर्टला विमान खोळंबलं, मग दिल्ली, मग ओझर.
मे महिना. बर्फाच्या लाद्यांचं पाणी
उंबऱ्यापर्यंत आलं होतं.
अमरधामहून दोनदा फोन.
हेरंब म्हणाला, थांबूया.
मी म्हटलं, नको.
मला ते पाणी बघवत नव्हतं.

ती जिन्यात आली, बॅग हातातच,
आणि भावाचे ओले केस पाहिले.
कुणी काही सांगायची गरजच उरली नाही.
"चार तास थांबवलं नाही तुला?"
त्याने माझ्याकडे पाहिलं.
गप्प राहिला.
अजून गप्प आहे.
मीही.

चार तास म्हणजे विमानाचे छत्तीसशे किलोमीटर.
दोरा मी परत गुंडाळला,
नाशिकच्या जागी एक गाठ मारून.

पाच वाजलेत. गल्लीत दूधवाल्याची मोटारसायकल.
त्या घड्याळात साडेसात.
त्याचा रविवार उजाडलाय,
तिचा शनिवार अजून संपायचाय.
दोघंही जागे आहेत.
फोन हातात घेऊन बसलेय,
आधी कुणाला लावू?