कॅनॉलवरची परीक्षा

निळी, नारंगी, हिरवी,
तिघी उभ्या केल्या कॅनॉलच्या पारीवर.
"सांग बे गुणवंता, कोणती भारी?"

निळी नऊ हजाराच्या वर किंचाळते,
धसकटातले तितर उडून जातात.
नारंगी वळणावर अशी लवते
का गुडघा मुरूम चाटते.
हिरवी? तिचं थांबणं पाह्यलं मी.

निंभोऱ्याच्या ब्रेकरवर मात्र
तिघीइचीही पोटं घासली.

तेवढ्यात नर्सबाई आल्या,
एस.टी. हुकलेली, लशीचा डबा काखेत.
मांगची सीट पाहून म्हणे,
"हे कायले बनवलं रे?
इथं चिमणी नाही बसत."

बसवलं हिरवीवर.
चौदा किलोमीटर, गड्डे मोजले नाही.
दवाखान्यात डबा उघडला,
एकही कुपी आडवी नाही.
बाईचे केस तेवढे खराट्यावानी.

लिहून घे, हिरवी.
निळीचा आवाज अजून कानात हाये,
ते नोको लिहू.