लिटरमागे पस्तीस ग्रॅम

रातराणीच्या ड्रायव्हरच्या पायाशी बसून आला डबा.
मिरज स्टँडावर शमुवेलनं तो असा उचलला
जसं कुणी परक्याचं मूल घेतं, हात ताठ.
थर्माकोलच्या आत पिशवी, पिशवीत अंधार,
अंधारात एक फुलपाखरू मासा,
खऱ्या डोळ्यावरून काळी पट्टी
आणि मागं, शेपटीकडे, खोटा डोळा.
कुठून बघतोय, कळेना.

दिवा लावू नको, मी म्हटलं.
रात्रपाळी करून आले होते, चपलाही पायातच.

आमचा समुद्र मोरीशेजारी निळ्या पिंपात असतो.
पाणी जारवाल्याचं, मीठ बादलीतलं,
ढवळायला जी काठी
तिला आता साबण लावायचा नाही.
वॉर्डातल्या सलाईनमध्ये लिटरमागे नऊ ग्रॅम मीठ,
समुद्रात पस्तीस.
माणसात आणि लाटेत एवढाच फरक, शमुवेल म्हणतो.
मी म्हणते, आधी मोज.

पिशवी नुसती तरंगत ठेवली, उबेला ऊब कळेपर्यंत.
मग सलाईनचा कोरा सेट फोडला
(मेडिकलची पावती कपाटाला चिकटवलीय,
दवाखान्यातला नाही तो)
आणि चाक फिरवत फिरवत
सेकंदाला दोन थेंब.
बावीस वर्षं थेंब मोजतेय मी
शिरेतून आत जाणारे.
कुणाला बाहेरून
अंगभर समुद्र चढवायची ही पहिलीच वेळ.

महिनाभर वेगळी टाकी, आयसोलेशनच ते.
पाइपाचा एक तुकडा, तेवढंच घर.
खाईना.
कोळंबीचा चुरा तसाच खाली बसला.
अकरा नंबरच्या खाटेवरची बाईही खात नव्हती,
भिंतीकडे तोंड.
तिला मी दोनदा ‘खा’ म्हटलं,
माशाला एकदाही नाही.
सहाव्या दिवशी हमीदाबीकडून शिंपली आणली,
अर्धी उघडून दगडात खोचली,
आणि आम्ही दाराआड गेलो.
आम्ही बघत नाही हे बघून
त्यानं टोच मारली.

आता मोठी टाकी.
तिथं चार वर्षांचा मालक आहे, पिवळा सर्जन,
शेपटीच्या मुळाशी नस्तर घेऊन फिरणारा.
त्याच्या देखत सगळे दगड हलवले,
म्हणजे कुणाचंच घर जुनं राहू नये.
तरी धावलाच.
मग काचेला बाहेरून माझा आरसा लावला, चिकटपट्टीनं.
तेव्हापासून तो स्वतःशीच भांडतोय,
आणि त्याच्या पाठीमागं
नवा दगडाआडून अर्धा बाहेर.
खोटा डोळा आधी.

तीन दिवस झाले,
स्टीलच्या झाकणात बघून मी भांग पाडते.
शमुवेलनं दाढी करताना हनुवटी कापून घेतली.
काढू का आरसा, विचारतो.

राहू दे रविवारपर्यंत.
चर्चला येईन मी अशीच.